पट्टी एकीची, लेन्स दुसरीची: जुन्या मोठ्या कॅमेऱ्याचं फोकस जुळवताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून देतोय. बोललेलं थोडं नीट केलंय, आकडे जागच्या जागी बसवलेत, बाकी तसंच ठेवलंय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पाठवलाय. "दादा, माळ्यावर जुना घडीचा कॅमेरा सापडलाय. भाता चांगला आहे, शटर उडतंय, पण फोटो धूसर येतात. लेन्स गेली का?"

तर मंडळी, बहुतेक वेळा लेन्स गेलेली नसते. बहुतेक वेळा लेन्स बदललेली असते. आणि कॅमेऱ्यावरची अंतराची पट्टी मात्र जुन्याच लेन्सची राहिलेली असते. आजचा भाग या पट्टीचा, आणि तिच्या भावाचा, म्हणजे रेंजफाइंडरचा.

आधी कॅमेरा कुठला ते सांगतो. लार्ज फॉरमॅट म्हणजे ज्यात रोल नसतो, एकेक सुटी फिल्म असते. सगळ्यात जास्त चालणारा आकार ४ बाय ५ इंच. तुमच्या आजोबांच्या पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्यातल्या एका फ्रेमच्या साधारण १५ पट मोठा. स्टुडिओतले लाकडी कॅमेरे या घराण्यातले. केरळात आलप्पुळ्याला पूर्वी बनायचा तो वागीश्वरी कॅमेरा याच जातीचा. त्यात फोकस करायचं ते मागच्या दुधी काचेवर, डोक्यावर काळं कापड घेऊन. पट्टी नाही, रेंजफाइंडर नाही. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं आणि "हलू नका" म्हणायचं.

दुसरी जात प्रेस कॅमेऱ्यांची. अमेरिकेतल्या ग्राफ्लेक्स कंपनीचा स्पीड ग्राफिक हा त्यातला राजा. पहिला आला १९१२ मध्ये. १९४७ ला त्याचं पेसमेकर नावाचं मॉडेल आलं, ते १९७०च्या दशकापर्यंत चाललं. इवो जिमा बेटावर झेंडा उभारणारे सैनिक, हा जगप्रसिद्ध फोटो जो रोझेंथल यांनी १९४५ मध्ये स्पीड ग्राफिकवरच काढला. आणि आपल्याकडे, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, त्याही साडी नेसून हाच अवजड कॅमेरा वागवत फिरायच्या. नेते काही काळ्या कापडासाठी थांबत नाहीत. म्हणून या कॅमेऱ्यांना फोकसची पट्टी आणि बाजूला रेंजफाइंडर दिलेला असतो. काच न बघता फोकस करता यावं म्हणून.

मोठा कॅमेरा आपल्या मावळाला नवा नाही बरं का. राजा रविवर्म्याचा लिथोग्राफीचा छापखाना १८९९ मध्ये मुंबईहून मळवलीला आला. कार्ल्याला जाताना आपण उतरतो तेच मळवली. घराघरातल्या देवघरात गेलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं तिथे छापली गेली. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी या छापखान्यासाठी काम केलं, आणि पुढे लोणावळ्यातच स्वतःचा छापखाना काढला. चित्राची फोटोवरून छपाई करायची तर मोठा कॅमेरा लागतोच. तो कॅमेरा रुळांवर पुढे-मागे सरकतो, आणि चित्र किती लांब, प्लेट किती लांब, यावर सगळा खेळ असतो. मळवलीचा तो छापखाना १९७२ मध्ये आगीत गेला. पण मुद्दा तोच: मोठ्या कॅमेऱ्यात फोकस म्हणजे सरकण्याचं मोजमाप.

आता ते मोजमाप समजून घेऊ. घाबरू नका, आठवीच्या पुढचं गणित नाही.

लांबचा डोंगर फोकसमध्ये असताना लेन्स जिथे असते ती जागा शून्य समजा. याला म्हणायचं अनंत, म्हणजे इन्फिनिटी. वस्तू जवळ आली की लेन्स पुढे सरकवावी लागते. किती सरकवायची हे लेन्सच्या फोकल लेंग्थवर ठरतं. सूत्र असं: फोकल लेंग्थचा वर्ग, भागिले वस्तूचं अंतर वजा फोकल लेंग्थ. सगळं मिलिमीटरमध्ये घ्यायचं.

स्पीड ग्राफिकवर बऱ्याचदा १२७ मिलिमीटरची लेन्स असायची. माणूस १० फुटांवर असेल तर ती शून्यापासून साधारण साडेपाच मिलिमीटर पुढे यावी लागते. समजा मधल्या कुणीतरी ती काढून १५० मिलिमीटरची लावली. तिला त्याच १० फुटांसाठी पावणेआठ मिलिमीटर लागतात. पट्टी जुनीच असेल, तर तुम्ही काटा १० फुटांवर आणून ठेवता, लेन्स साडेपाच मिलिमीटरच पुढे येते, आणि फोकस कुठे पडतं? जवळजवळ १४ फुटांवर! माणूस १० फुटांवर, फोकस १४ वर. माणूस धूसर, मागची भिंत छान. आता लेन्सचा यात काय दोष?

म्हणून आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. पट्टीवरचे आकडे कॅमेऱ्याचे नसतात, लेन्सचे असतात. लेन्स बदलली की पट्टी बदलली पाहिजे.

रेंजफाइंडरचंही तेच. आत्ता एक प्रयोग करा. गाडी चालवत असाल तर नको, बाकीच्यांनी करा. हात लांब करून अंगठा धरा. एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो ना? अंगठा जवळ आणला तर उडी मोठी. रेंजफाइंडर हेच करतो. त्याला दोन खिडक्या असतात. एकीतून सरळ दिसतं, दुसरीतून येणारी प्रतिमा आरशाने वळवून पहिलीवर टाकलेली असते. आरसा फिरला की दोन प्रतिमा जवळ येतात, आणि एकमेकींवर बसल्या की अंतर कळलं. जमीन मोजणारे दोन ठिकाणांहून कोन घेतात तेच तत्त्व. तुमच्या दोन कॅमेऱ्यांच्या फोनमध्ये पोर्ट्रेट मोडला मागचं धूसर करताना याच उडीचा उपयोग होतो. फक्त फोन हे गुपचूप करतो. इथे तो आरसा कॅमेऱ्याच्या रुळाशी एका दांड्याने जोडलेला असतो. लेन्स सरकली की आरसा फिरतो. पण दांडा किती सरकल्यावर आरसा किती फिरावा, हे पुन्हा लेन्सवरच ठरतं!

बरं. आता कामाला लागू. क्रम महत्त्वाचा आहे. उलटसुलट केलंत तर दिवसभर स्क्रू फिरवत बसाल.

पहिलं काम: दुधी काच तपासा. काचेची खरखरीत बाजू लेन्सकडे पाहिजे. होल्डरमध्ये फिल्म जितकी आत बसते, तितकीच आत ही खरखरीत बाजू असायला हवी. काही कॅमेऱ्यांत काचेच्या पुढे, लेन्सच्या बाजूला, एक बारीक वर्तुळांची प्लास्टिकची फ्रेनेल असते. कंपनीनेच ती तिथे दिली असेल तर काच तिच्या हिशोबाने बसवलेली असते. फ्रेनेल काढून टाकली तर फोकस सरकतं. इथे गडबड असेल तर पुढचं सगळं व्यर्थ, कारण आपण सगळी जुळवणी या काचेवरच करणार आहोत.

दुसरं: अनंत ठरवा. लेन्स ज्या चौकटीवर असते ती रुळावर ज्या छोट्या अडकणींना टेकते, त्या अडकणी तुमच्या लेन्ससाठी योग्य जागी हव्यात. रूळ पूर्ण मागे घ्या. एक किलोमीटरच्या पलीकडचं काहीतरी ठळक शोधा. आपल्याकडे काय कमी आहे? मळवलीच्या शेतातून लोहगड-विसापूरची कड, पवनेच्या काठावरून तिकोना. सगळ्यात उत्तम म्हणजे हाय टेन्शन लाइनचा मनोरा: सरळ, बारीक, काळ्या रेघा. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवा, काचेवर भिंग लावा, चौकट हाताने पुढे-मागे करून रेघ अगदी धारदार करा, आणि अडकणी तिथे घट्ट करा. भिंग नसेल तर फोनचा मॅक्रो मोड लावून स्क्रीनवर मोठं करून बघा, चालतं.

एक मावळी सूचना. हे काम जुलैमध्ये काढू नका. टायगर पॉइंटला धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, तिथे अनंत कुठून आणणार? दिवाळीनंतरची सकाळ धरा. दुपारी तापलेल्या हवेत लांबच्या रेघा थरथरतात.

तिसरं: नवी पट्टी बनवा. जुन्या पट्टीला हात लावायचा नाही, खरवडायची तर अजिबात नाही. तिच्या शेजारी किंवा तिच्यावर कागदी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. मोजायच्या टेपने लेन्सपासून ५, ६, १०, १५, २५, ५० फूट मोजा. प्रत्येक ठिकाणी एक ठळक अक्षरांचा खोका ठेवा. काचेवर फोकस करा, काट्यासमोर टोकदार पेन्सिलने खूण करा. प्रत्येक खूण तीनदा करा आणि मधली घ्या.

ताळा करायला १५० मिलिमीटरच्या लेन्सचे आकडे देतो. ५० फुटांना दीड मिलिमीटर, २५ ला तीन, १५ ला पाच, १० ला पावणेआठ, ६ ला साधारण साडेतेरा, ५ ला सोळाच्या थोडं वर. बघा, अंतर निम्मं झालं की सरकणं साधारण दुप्पट होतं. तुमच्या खुणा या चालीने जात नसतील तर कुठेतरी मोजण्यात घोळ आहे. आकडे किंचित इकडेतिकडे असतील तर मात्र काचेवर विश्वास ठेवा. लेन्सवर १५० कोरलेलं असलं तरी खरी फोकल लेंग्थ थोडी कमीजास्त असू शकते. लिनहॉफ कंपनी म्हणूनच आपल्या टेक्निका कॅमेऱ्यासाठी प्रत्येक लेन्सची वेगळी कॅम घासून द्यायची. खुणा पक्क्या झाल्या की बारीक पेनने आकडे लिहा, वर पारदर्शक टेप लावा. झाली पट्टी.

चौथं: रेंजफाइंडर. इथे आधी तुमचा कुठला ते बघा. बाजूला उभा डबा असेल तर तो बहुधा कॅलार्ट. हा दयाळू प्राणी आहे, त्याची जुळवणी करता येते. झाकण काढलं की आत एक जुळवणी अनंतासाठी आणि एक जवळच्या अंतरासाठी मिळते. आधी मनोरा: लेन्स अनंतावर, दोन मनोऱ्यांचा एक मनोरा होईपर्यंत पहिली जुळवणी. मग ६ फुटांवर उभी काठी: काचेवर फोकस, आणि दुसरी जुळवणी. आता गंमत अशी की दुसरी हलवली की पहिली थोडी बिघडते. म्हणून परत मनोरा, परत काठी. चार-पाच फेऱ्यांत दोन्ही टोकं जमतात. मग १२-१५ फुटांवर मधली तपासणी. टोकं जमली आणि मधलं अंतर काचेशी जुळलं, की झालं.

पण कॅलार्टलाही मर्यादा आहेत. १२७, १३५, १५० या घरातल्या लेन्स तो सांभाळतो. ९० ची वाइड किंवा ३०० ची लांब लेन्स त्याच्याकडून मागू नका. ९० ला नुसती पट्टी पुरते, कारण तिच्यात खोलवर सगळं स्पष्ट येतं. ३०० ला सरळ दुधी काच.

रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या डोक्यावर असेल, म्हणजे १९५०च्या दशकाच्या मध्यानंतरचा ग्राफिक असेल, तर त्यात कॅम असते. कॅम म्हणजे ठरावीक वळणाचा छोटा पत्रा. लेन्स बदलली की कॅम बदलायची. तुमच्या लेन्सची मिळाली नाही तर बनवता येते. पितळी पत्र्याचा तुकडा आणि बारीक कानस घ्या. कॅम मुद्दाम थोडी मोठी कापा, काचेवर फोकस करून रेंजफाइंडरात बघा, थोडं घासा, परत बघा. घासलेलं पितळ परत चिकटत नाही, म्हणून घाई नाही. तळेगाव, भोसरी, चाकणला वर्कशॉपमध्ये काम करणारा मित्र आपल्यातल्या प्रत्येकाला असतोच. त्याला चहा पाजा.

आणि आतल्या अर्धपारदर्शक आरशाला फडक्याने पुसू नका, प्लीज! आपल्या पावसाळी हवेत त्याचा मुलामा आधीच नाजूक झालेला असतो. पुसलं की निघून येतो, मग दुसरी प्रतिमाच दिसत नाही. हवेच्या फुग्याने धूळ उडवा, बस.

पाचवं: फिल्मवर परीक्षा. चिक्कीचे सात खोके घ्या. लोणावळ्यात राहून एवढं तर मिळेलच. ६ फुटांवर तिरक्या रांगेत, प्रत्येक खोका आधीच्यापेक्षा दोन इंच मागे. मधल्या, म्हणजे चौथ्या खोक्यावर रेंजफाइंडरने फोकस करा, लेन्स पूर्ण उघडी ठेवा आणि एक फोटो काढा. फिल्म महाग वाटत असेल तर होल्डरमध्ये फोटोचा ब्रोमाइड कागद कापून घाला, या परीक्षेला पुरतो. चौथा खोका सगळ्यात स्पष्ट आला तर पास. तिसरा आला तर फोकस पुढे पडतंय, पाचवा आला तर मागे. परीक्षा झाली की चिक्की वाटून टाका.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? दुधी काच आहे ना मागे, तिच्यावर बघून काढा की फोटो.

याचं उत्तर मला पवनेच्या काठी मिळालं. एका मित्राचे आजोबा, वय नव्वदीच्या घरात. त्यांचं जुनं घर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. आज तेच पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं. घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. आधार कार्डावरचा तेवढा, आणि त्यात ते ओळखूही येत नाहीत. मित्र म्हणाला, भिंतीवर लावता येईल असा एक काढ. आजोबांची अट एकच: पाण्याकडं तोंड करून बसणार.

डिसेंबरची सकाळ, ओसरीची सावली. मी ५ फुटांवर, १५० ची लेन्स, एफ ५.६. शटर यापेक्षा हळू ठेवता येत नव्हतं, कारण आजोबांची मान वयाने सतत हलकी हलायची. आता हिशोब बघा. ५ फुटांवर या लेन्सने या छिद्राला जेमतेम १० सेंटीमीटर खोली स्पष्ट येते. म्हणजे डोळे ते कान. माणूस तीन बोटं पुढे झुकला की डोळे धूसर.

आणि दुधी काचेची अडचण इथे आहे. काचेवर फोकस केलं, की मागे फिल्मचा होल्डर घालायचा, शटर बंद करायचं, ताणायचं, डार्क स्लाइड ओढायची. यात अर्धा मिनिट जातो, आणि त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही आंधळे असता. काच होल्डरच्या मागे गेलेली असते.

मी डार्क स्लाइड ओढली आणि आजोबा म्हणाले, "आरं पोरा, झालं का न्हाई?" आणि बोलता बोलता काठीवर पुढे झुकले. तसेच राहिले, पाण्याकडे बघत. ती बसण्याची ढब आधीपेक्षा कितीतरी चांगली होती. "आजोबा, परत मागं व्हा" असं मी म्हणालो असतो तर ती गेली असती. रेंजफाइंडरात बघितलं तर दोन आजोबा दिसत होते, भुवईपाशी फाटलेले. बोटाने नॉब थोडा फिरवला, दोनाचे एक झाले, शटर दाबलं. दोन मिलिमीटरसुद्धा सरकवलं नसेल.

तो फोटो आता त्यांच्या घरात आहे. डोळ्यांत पाण्याची चमक आहे आणि पापण्या मोजता येतात. मला विचाराल तर कागदी टेपवर पेन्सिलने खुणा करण्यात गेलेल्या सगळ्या रविवारांची किंमत तिथे वसूल झाली.

जाता जाता तीन गोष्टी, खास तुमच्यासाठी, कारण तुमच्या हातात हे कॅमेरे पुढची पन्नास वर्षं राहणार आहेत.

एक. जे कराल ते परत फिरवता येईल असं करा. जुनी पट्टी, जुन्या अडकणी, जुनी कॅम, काढलेला प्रत्येक स्क्रू, सगळं एका डबीत घालून कॅमेऱ्याबरोबर ठेवा. उद्या कुणाला १२७ ची मूळ लेन्स मिळाली तर त्याने तुम्हाला दुवा द्यावा.

दोन. आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा. कुठली लेन्स, तिचा नंबर, जुळवणी कधी केली. माळ्यावरच्या कॅमेऱ्यांचा अर्धा घोळ ही एक चिठ्ठी नसल्यामुळे होतो. लेन्स कुणी बदलली, कधी बदलली, काही कळत नाही. मग विकणारा "सगळं चालू आहे" म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंही असतं. लेन्स चालू आहे, रेंजफाइंडर चालू आहे. फक्त दोघांची एकमेकांशी ओळख नाही.

तीन. हॉटेलात, बंगल्यात, कॅफेत असे कॅमेरे शोपीस म्हणून मांडलेले तुम्ही पाहिले असतील. पॉलिश करून चकचकीत, आणि पट्टी घासून कोरी. मिळाला तर विचारा, विकत घ्या, उघडून बघा. ज्या कॅमेऱ्याचा भाता टिकलाय आणि लेन्स साफ आहे तो मेलेला नाही. त्याला मोजायची टेप, पेन्सिल आणि एक स्वच्छ सकाळ पाहिजे.

आजच्या भागात एवढंच. तुम्ही कुठली लेन्स कुठल्या कॅमेऱ्यावर लावलीय ते कळवा. फोकल लेंग्थ लिहायला विसरू नका, म्हणजे सरकण्याचा हिशोब करून पाठवतो. पुढच्या वेळी भात्याची भोकं कशी शोधायची आणि कशी बुजवायची ते बघू. तोवर काळजी घ्या, आणि आधी अनंत जुळवा, मग बाकीचं!